वजन वाढवायचं, पण कसं?

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेलं भाषण)



सर्वप्रथम, एवढ्या थंडीत आवर्जून आलेल्या आपणा सर्वांचे आणि निधीला सढळ हाताने मदत करणाऱ्या सगळ्या दात्यांचे मनापासून आभार. कार्यकारिणीने आम्हाला सांगितलं, "आरोग्यावर पंधरा-वीस मिनिटं काहीतरी बोला." आम्ही विषय कळवला. कार्यक्रमपत्रिका छापून आल्यावर दोघा-तिघांचे फोन आले, "अहो, 'घटवायचं'च्या जागी 'वाढवायचं' छापलंय, वेळेत दुरुस्त करून घ्या!" नाही मंडळी, छपाई अगदी बरोबर आहे. आज आम्ही वजन वाढवण्याबद्दलच बोलणार आहोत.

थोडक्यात ओळख करून देतो. आम्ही नवरा-बायको. एक सांगलीचा, एक नाशिकची. दोघेही इंजिनिअर, दोघेही सॉफ्टवेअरमध्ये, दोघेही तिशीतले. म्हणजे न्यू जर्सीत डोळे मिटून दगड भिरकावला तर ज्यांना लागेल, त्यातलेच! आम्ही डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. त्यामुळे आज जे सांगू ते ऐकून कुणीही परस्पर प्रयोग करू नयेत, आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. आम्ही फक्त स्वतः काय केलं, त्यातून काय कळलं आणि त्यासाठी काय वाचलं, एवढंच सांगणार आहोत.

आपल्या मंडळात दरवर्षी आरोग्यावर कार्यक्रम होतात. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सुटलेली पोटं. ते सगळं गरजेचंच आहे. पण याच हॉलमध्ये दुसऱ्या टोकाची माणसंही असतात. वर्षानुवर्षं मोजूनमापून, कापून-कापून खाणारी. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती आजारी दिसत नाहीत. उलट ती 'मेंटेन केलेली' दिसतात. आम्ही सहा वर्षं त्या गटात होतो.

त्या सहा वर्षांत कुठला डाएट केला नाही हे सांगणं सोपं! भात बंद, मग पोळी बंद, मग फळंसुद्धा बंद. कधी नुसती सूप, कधी ठरावीक तासांतच जेवण. स्वयंपाकघरात वजनकाटा, कॉम्प्युटरवर एक्सेल शीट. इंजिनिअरच आम्ही, हिशेब ठेवायला कोण थकतंय? मंडळाच्या पॉटलकला आम्ही नेहमी वाढायला उभे राहायचो. सगळ्यांना वाटायचं, किती उत्साही जोडपं आहे! आणि वाढणाऱ्याच्या ताटात काय आहे, हे कुणी बघत नाही.

दुसरी सोय उपवासांची. चतुर्थी, एकादशी, सोमवार, गुरुवार. "आज आमचा उपवास आहे" म्हटलं की आपल्यात पुढचा प्रश्न येत नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्यांना लागू पडते त्यांच्याबद्दल आम्ही बोलत नाही आहोत. आमच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडीही नसायची, शेंगदाण्याचा लाडूही नसायचा. देवाचं नाव आणि काळा चहा, एवढंच.

आणि कौतुक तर विचारू नका! "किती बारीक झालात!" "आम्हाला पण सांगा ना काय करता ते!" गंमत बघा, आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी 'तब्येत सुधारली' याचा अर्थ अंगावर मूठभर मांस चढलं असा होता. सुट्टीला गावी गेलं की आजी गालावरून हात फिरवून म्हणायची, "वाळलास रे!" आणि तो काळजीचा शब्द होता. दोन पिढ्यांत आपण तो शब्द उलटा फिरवला. आता वाळलं की तब्येत सुधारली!

पण शरीराला ही नवी मराठी कळत नाही. ऑफिसात भर ऑगस्टमध्ये आम्ही दोघं स्वेटर घालून बसायचो. केस गळायचे. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. एक जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. मीटिंगमध्ये कोण काय बोलतंय यापेक्षा संध्याकाळी काय खायचं आणि काय खायचं नाही, हेच डोक्यात चालू. एकमेकांवर क्षुल्लक गोष्टींवरून खेकसणं रोजचं. आणि आमच्यातल्या तिची पाळी थांबली. हो, हा शब्द मुद्दाम माईकवरून म्हणतोय, कारण या हॉलमध्ये तो कुणाला तरी ऐकायची गरज असेल. पाळी एक-दोन महिने नाही, वर्षाहून जास्त काळ थांबली होती. आम्हाला मूल हवं होतं. डॉक्टरांकडे गेलो ते त्यासाठी.

तिथे तपासण्या झाल्या. थायरॉइड पाहिलं, बाकीची कारणं पाहिली, गर्भ राहिलेला नाही याचीही खात्री करून घेतली. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. तिशीतल्या बाईची हाडं असायला हवीत तशी ती नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, "औषधाचं नंतर बघू. आधी तुम्ही दोघांनी पुरेसं खायला लागा." दोघांनी, कारण त्याचीही नाडी फार मंद लागत होती. आणि लक्षात घ्या, त्याचा बीएमआय तक्त्यात बघितला तर १८.५ च्या वर, म्हणजे 'नॉर्मल' रकान्यात होता! तेव्हा वजन नॉर्मल आहे म्हणजे शरीराला पुरेसं मिळतंय, असं गणित नाही.

हे असं का होतं? आपल्या भाषेत सांगायचं तर, लॅपटॉपची बॅटरी संपत आली की तो आधी स्क्रीन मंद करतो, मग मागे चाललेली कामं बंद करतो. शरीरही तेच करतं. येणारी ऊर्जा कमी पडते असं दिसलं की जिवंत राहण्यासाठी जे तातडीचं नाही ते आधी थांबवतं. हातपाय उबदार ठेवणं कमी करतं, नाडी मंद करतं, केसांची वाढ थांबवतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग बीजकोशांना द्यायचे संदेश कमी करतो, मग पाळी थांबते, इस्ट्रोजेन कमी होतं, आणि इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं झिजायला लागतात. पुरुषांमध्येही टेस्टोस्टेरॉन घसरतं. यात नाटक नाही, कमकुवतपणा नाही. ती शरीराची काटकसर आहे.

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग आपल्या याच अमेरिकेत झाला, तो सांगतो. १९४४ चा नोव्हेंबर. दुसरं महायुद्ध चालू होतं, युरोपात लोक उपाशी होते, आणि युद्ध संपल्यावर त्यांना परत माणसांत कसं आणायचं हा प्रश्न होता. मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. हे सगळे शस्त्र हाती घ्यायला तत्त्वतः नकार दिलेले, धडधाकट, स्वेच्छेने आलेले. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांत त्यांची राहायची सोय होती. पहिले १२ आठवडे नेहमीसारखं जेवण, नंतर २४ आठवडे जवळपास अर्धं. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला २२ मैल चालायचं. त्या अर्ध्या जेवणात किती कॅलरी होत्या माहितीये? दिवसाला सुमारे १६००. आज कितीतरी डाएटचे तक्ते याच्याहूनही कमी आकडा हातात देतात!

त्या तरुणांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं. पण आम्हाला हलवून सोडलं ते पुढच्या वर्णनाने. त्यांना सतत थंडी वाजायची. ती चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली. कॉफी आणि च्युइंगगमवर दिवस काढायला लागली. ताटं चाटून पुसायला लागली. आणि ज्यांना आधी स्वयंपाकाशी काही देणंघेणं नव्हतं, ती पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली. आम्ही हे वाचलं आणि एकमेकांकडे बघितलं. रात्री पलंगावर बसून जेवणाचे व्हिडिओ बघणारे आम्ही दोघं! म्हणजे हे आमच्या स्वभावातलं काही नव्हतं. ही भूक होती. कुणालाही उपाशी ठेवा, तो असाच होईल.

प्रयोगाचा शेवटचा भाग तर आमच्या विषयाचाच. १२ आठवडे त्या तरुणांचे चार गट करून वेगवेगळ्या प्रमाणात जेवण वाढवलं. ज्यांचं थोडंथोडंच वाढवलं, ते सुधारेचनात. कीज यांचा निष्कर्ष असा, की दिवसाला २००० कॅलरींत हे नुकसान भरून येत नाही, काही महिने तरी ४००० च्या आसपास लागतात. अर्थात हा आकडा त्या तरुणांचा, तो घरी नेऊन कुणी लावू नका. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, उपासमारीनंतर शरीराला नेहमीपेक्षा जास्त लागतं, आणि ती हाव नसते. दोन, चरबी आधी परत येते, स्नायू मागाहून येतात. सुरुवातीला पोट पुढे येतं, चेहरा भरतो, आणि बहुतेक माणसं तिथेच घाबरून पुन्हा डाएटला लागतात. कीज यांनी हे सगळं १९५० साली 'द बायॉलॉजी ऑफ ह्यूमन स्टार्व्हेशन' या दोन खंडांच्या ग्रंथात छापलं.

आता "मग काय, उद्यापासून दणकून खायचं!" असं कुणाला वाटत असेल तर थांबा. हा धोक्याचा भाग आहे. फार दिवस फार कमी खाल्लेल्या माणसाने एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जीवही जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून वजन फार कमी असेल, गेल्या काही महिन्यांत झपाट्याने उतरलं असेल, किंवा कित्येक दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नसेल, तर सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, रक्त तपासूनच करायची. आणि खायला लागल्यावर पायांवर सूज, धाप, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं, असं काही झालं तर वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जायचं.

आमच्या रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, तेव्हा कुठे आहारतज्ज्ञांनी आम्हाला हिरवा कंदील दिला. त्यांचा पहिला नियम: भूक लागण्याची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. वर्षानुवर्षं भूक दाबलेल्या माणसाला भूक लागल्याचं नीट कळतच नाही. तीन जेवणं, मध्ये तीन खाणी, साधारण तीन-तीन तासांनी. ऑफिसच्या कॅलेंडरवर आम्ही तशा मीटिंगच टाकून ठेवल्या. बाकी सगळ्या मीटिंग हलायच्या, ही नाही!

दुसरा नियम: ताट मोठं करायच्या आधी ताटातला ऐवज वाढवायचा. कमी खाऊन-खाऊन पोट सावकाश रिकामं होतं. चार घास खाल्ले की गच्च वाटतं, फुगतं. अशा वेळी ढीगभर सॅलड खाल्लं तर पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. आणि इथे मंडळी, आपलं मराठी स्वयंपाकघर कामाला येतं. वरणभातावर एक मोठा चमचा साजूक तूप, म्हणजे सुमारे १२० कॅलरी. कोशिंबिरीत, भाजीत शेंगदाण्याचं कूट. तिळाची, जवसाची, खोबऱ्याची चटणी तेल घालून. स्किम दुधाच्या जागी साय असलेलं दूध आणि त्याचंच दही. मूठभर शेंगदाणे म्हणजे ३० ग्रॅम धरले तर १७० कॅलरी, एक केळं १०० च्या आसपास, एक कप पूर्ण दूध १५०. झालं, चारचं खाणं चारशेच्या वर गेलं, आणि शिजवायची गरजही नाही. यातली प्रत्येक गोष्ट ओक ट्री रोडवर मिळते. महागडे वजन वाढवायचे डबे आम्ही आणले नाहीत, आहारतज्ज्ञांनीही सांगितले नाहीत.

जेवणाआधी चहा-पाणी पिऊन पोट भरायचं नाही, ते जेवणानंतर. प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत: वरण, उसळ, पनीर, अंडी, जे खातात त्यांना मासे-चिकन. शाकाहारी लोकांनी बी-१२ तपासून घ्यावं. आणि न्यू जर्सीच्या हिवाळ्यात ड जीवनसत्त्वही बघावं, सगळ्यांनीच! रोज ३०० ते ५०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त गेल्या, तर आठवड्याला साधारण पाव ते अर्धा किलो वजन वाढतं. हा बेताचा वेग.

पण पहिल्या पंधरा दिवसांतच आमचा काटा भलताच वर गेला. आहारतज्ज्ञांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाचा साठा असतो, तो डाएटमध्ये रिकामा झालेला असतो. तो भरताना एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. म्हणजे सुरुवातीची वाढ बरीचशी पाण्याची असते. ते माहीत असूनसुद्धा काटा बघून हातापायांना कापरं भरायचं. शेवटी ठरलं, घरातला काटा कपाटात नाही, घराबाहेरच जाईल. वजन फक्त दवाखान्यात, काट्याकडे पाठ करून करायचं, आकडा त्यांनीच लिहून ठेवायचा. एक्सेल शीटही पुसून टाकली. सहा वर्षांचा डेटा डिलीट करताना इंजिनिअरला काय वाटतं, ते इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको!

मग आईचा फोन. तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "अगं, हे बाळंतिणीला देतात तेच की!" आणि खरंच, विचार करून बघा. थकलेल्या, झिजलेल्या शरीराला पुन्हा उभं करायची पद्धत आपल्या घरांत कायमच होती. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेथीचे लाडू, खीर. आजारातून उठलेल्याला आधी पेज, मग मऊ भात, मेतकूट आणि तूप, मग हळूहळू सगळं जेवण. थोडंथोडं, पुन्हा पुन्हा आणि दुसऱ्या कुणीतरी हातात आणून दिलेलं. डिंकात काही जादू नसते. अळिवात लोह असतं हे खरं, पण लाडवाचं मुख्य बळ तूप, गूळ, खोबरं आणि सुक्यामेव्यात आहे. तरी आईने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगांतून पाठवलेले ते लाडू आम्ही खाल्ले, कारण लाडवाबरोबर "खाल्लास का?" हा फोनही यायचा.

उपवासांचा प्रश्न तिकडच्या आईंनी सोडवला. आम्हाला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, "आजारी माणसाला उपवास नसतो रे. आणि सुनबाई, तुझी एकादशी मी इकडे करते, तू जेव." इतकं साधं होतं ते.

आता एक शंका तुमच्या मनात नक्की असेल. आपण भारतीय, आपल्याला मधुमेह चटकन होतो, मग वजन वाढवणं बरोबर आहे का? ही शंका अगदी रास्त आहे, आणि तिचं उत्तर पुण्याहून आलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडपातळच. आपल्या लोकांत चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी मधुमेहाच्या तपासणीचा बीएमआय २५ वरून २३ वर आणला.

याचा अर्थ उपाशी राहा असा नाही. उपाशी राहून स्नायूही जातात, आणि आपल्याकडे ते मुळातच कमी! अर्थ असा, की वजन गुलाबजाम आणि सोड्यावर वाढवायचं नाही, जेवणावर वाढवायचं, आणि जोडीला स्नायूंना काम द्यायचं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, तिसऱ्या महिन्यापासून, आम्ही आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लागलो. सुरुवातीला पाच-पाच पौंडांची. ट्रेडमिलवर धावणं मात्र डॉक्टरांनी बंदच ठेवलं होतं. मधूनमधून रक्तातली साखर तपासत होतो, ती ठीक राहिली.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं समजू नका. जुन्या जीन्स होईनात तो दिवस वाईट गेला. त्या घडी करून दान पेटीत टाकल्या आणि नव्या आणल्या. कारण रोज सकाळी घट्ट कपडा कमरेला आठवण करून देत असेल तर जेवण कसं जाणार? कधी एकाचा धीर सुटायचा, कधी दुसऱ्याचा. दोघांचा एकाच दिवशी फार वेळा सुटला नाही, हे आमचं नशीब. जे एकटे आहेत, त्यांना हे किती जड जात असेल, याचा विचार आम्ही खूपदा केला. ज्यांच्या मनात अन्नाची भीती खोल बसली आहे, त्यांनी आहारतज्ज्ञांबरोबर मानसोपचारतज्ज्ञांचीही मदत घ्यावी. आम्हीही घेतली, आणि ते सांगायला आम्हाला लाज वाटत नाही.

आज सव्वा वर्ष झालं. किती किलो वाढलं ते सांगणार नाही. तो आकडा कुणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये जायला नको! पण बाकीचं सांगतो. झोप लागते. यंदा ऑगस्टमध्ये ऑफिसात स्वेटर घातला नाही. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम शेवटपर्यंत खेळलो. नवव्या महिन्यात तिची पाळी परत सुरू झाली. त्या दिवशी घरात सत्यनारायणाला करतो तसा सव्वाच्या मापाने शिरा केला, आणि दोघांनी मिळून संपवला. हाडांचं काम सावकाश आहे. डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे, पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. पाळणा हलेल का, ते अजून माहीत नाही. वाट बघतोय, पण निदान आता भरल्या पोटी बघतोय.

जाता जाता, मंडळातल्या सगळ्यांना तीन विनंत्या.

पहिली, भेटल्याबरोबर "बारीक झालीस", "सुटलास" ही सुरुवात बंद करूया. बोलायला दुसरं पुष्कळ आहे. नोकरी, ग्रीन कार्ड, मुलांच्या शाळा, आईबाबांची तब्येत! आणि बारीक होणारा माणूस डाएटने होतोय, दुखण्याने होतोय की दुःखाने, हे आपल्याला माहीत नसतं.

दुसरी विनंती मुलांसाठी. आपली मुलं या जेवणाच्या रांगेत आपल्या मागे उभी असतात. ती ऐकत असतात. "बापरे, तळलेलं! आता उद्या दोन तास चालावं लागणार," हे वाक्य आठ-नऊ वर्षांच्या मुलीने दर कार्यक्रमाला ऐकलं तर ती त्यातून काय शिकेल? तिच्यासमोर वडा हा वडाच राहू दे.

तिसरी, जो नेहमी वाढायला उभा असतो, ज्याचा नेहमी उपवास असतो, जो "घरून जेवून आलोय" म्हणतो, त्याच्याकडे जरा लक्ष असू द्या. उपदेश करू नका, ताटात बळेच काही वाढू नका. आपलं ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसा, गप्पा मारा. आमच्या बाबतीत मंडळातल्या एका काकूंनी हेच केलं. त्या काहीही विचारायच्या नाहीत. नुसत्या शेजारी बसून सावकाश जेवायच्या, आणि उठताना म्हणायच्या, "पुढच्या शनिवारी घरी या, पिठलं-भात करते." त्या शनिवारी त्यांच्या घरी जे पिठलं-भात खाल्लं, ते सहा वर्षांतलं आमचं पहिलं न मोजलेलं जेवण होतं. काकू आज इथे आहेत. नाव सांगितलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून सांगत नाही.

मागून स्वयंपाकघरातल्या मंडळींनी खूण केली आहे, मसालेभात तयार आहे. देणगीची पाकिटं टेबलांवर ठेवली आहेत, ती विसरू नका. आणि वाढायला स्वयंसेवक हवे असतील तर दुसऱ्या कुणालातरी विचारा, आम्ही आज पहिल्या पंगतीला बसणार आहोत.